वाटेवरचा रामराम

जळगांव जिल्ह्याच्या पूर्व भागांत, जेथून वऱ्हाडची सीमा फार दूर नाहीं अशा ठिकाणीं, बोदवड हें कापसाच्या व्यापाराचें जुनें गांव आहे. उत्तरेस मुक्ताईनगर, पूर्वेस मलकापूर, पश्चिमेस जामनेर आणि वायव्येस भुसावळ अशा चार बाजारपेठांकडे येथून वाटा फुटतात. या वाटांवरील नित्याच्या फटफट्यांत कधीं कधीं एक निराळी फटफटी दिसते. तिच्या पाठीवर सामानाचीं गांठोडीं करकचून बांधलेलीं असतात, स्वाराचें तोंड हेल्मेटनें झांकलेलें असतें, आणि मागील पाटीवरचीं अक्षरें परप्रांताचीं असतात. समोरून तशीच दुसरी येते. एक स्वार डाव्या हाताचीं दोन बोटें वर करतो, दुसरा किंचित् मान लववितो, आणि दोघे दोन दिशांना निघून जातात. एकाला दुसऱ्याचें नांव ठाऊक नसतें, गांव ठाऊक नसतें, जात तर मुळींच ठाऊक नसते. बांधावरून पाहणाऱ्यास ते दोघे ओळखीचे असावेत असें वाटतें. पण ते ओळखीचे नसतात.

मोटार-सायकलस्वारांची ही चाल आज यूरोप-अमेरिकेपासून भारतापर्यंत आढळते, आणि ती परकीय समजली जाते. परकीय आहे तो केवळ हाताचा आविर्भाव. त्यामागचा अर्थ खानदेशच्या वाटांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. मात्र तो अर्थ येथें सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाहीं. म्हणून वाटेवरच्या अभिवादनाचा इतिहास सांगावयाचा तर कोणीं कोणाला हात केला एवढें सांगून भागत नाहीं. कोणाला केला नाहीं हेंही सांगावें लागतें.

प्रथम मोटार-सायकलचेंच पाहावें. या चालीच्या उगमाविषयीं एक अमेरिकन कथा प्रसिद्ध आहे. १९०४ सालीं विल्यम हार्ले व आर्थर डेव्हिडसन हे दोघे भागीदार आपापल्या गाड्यांवरून समोरासमोर आले असतां त्यांनीं परस्परांस हात केला, तें कोणीं तरी पाहिलें, आणि पुढें सर्वच स्वार तसें करूं लागले, अशी ती कथा. ऐकावयास ती गोड आहे, पण तिला दंतकथांच्याच पंक्तींत बसवावें लागतें. कारखान्याच्या मालकांनीं हात केला म्हणून जग हात करूं लागत नाहीं. अशी चाल गरजेंतून निघते, आणि ती गरज त्या काळच्या यंत्रांनीं भरपूर पुरविली होती. १८८५ सालीं डाइमलरनें जर्मनींत लांकडी सांगाड्यावर एंजिन बसवून पहिली गाडी चालविली. त्यानंतरचीं वीस-पंचवीस वर्षें हीं यंत्रें धांवण्यापेक्षां बंद पडण्याबद्दलच अधिक प्रसिद्ध होतीं. चामड्याचे पट्टे ओलाव्यानें घसरत, टायर नालांच्या खिळ्यांनीं फुटत, आणि दुरुस्तीचें दुकान दहा-दहा कोसांत नसे. अशा वेळीं समोरून येणारा दुसरा स्वार हाच काय तो कारागीर, हेंच काय तें भांडार. त्याच्याजवळ पाना असे, रबराचा तुकडा असे, निदान एंजिन समजणारी दोन माणसें तरी एकत्र येत. हात वर करण्यांत "मी पडलों तर तूं थांबशील ना?" हा प्रश्न होता, आणि दुसऱ्या हातांत त्याचें उत्तर होतें.

इंग्लंडांत तर अशा अभिवादनाचा एकदां कायद्याशीं झगडा झाला. मोटारवाल्यांना पोलिसांच्या वेगतपासणीपासून सांवध करण्यासाठीं १९०५ सालीं तेथें ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था निघाली. तिचे गस्तवाले रस्त्यावर फिरत, आणि संस्थेचें पदक लावलेली मोटार दिसली कीं सलाम करीत. पुढें पोलीस दडून बसले आहेत असें मोटारवाल्याला उघड सांगणें हा गुन्हा आहे असा निर्णय १९१० सालीं न्यायालयानें दिला. तेव्हां संस्थेनें एक मोठी चतुर युक्ति काढली. गस्तवाल्यानें सलाम न केल्यास सभासदानें गाडी थांबवून त्याचें कारण विचारावें, असें तिनें ठरवून टाकलें. बोलणें गुन्हा ठरलें, पण सलाम न करणें कोणत्या कलमांत बसवावयाचें? आपल्याकडे समोरून येणारा ट्रकवाला दिवसाढवळ्या दिवे दोनदां उघडमीट करून पुढें तपासणी चालू असल्याचें कळवितो, तो याच घराण्यांतला.

हाताचें प्रकरणही वाटतें तितकें साधें नाहीं. अमेरिकेंत व यूरोपच्या मुख्य भूमीवर वाहनें उजव्या बाजूनें चालतात, म्हणून समोरचा स्वार डावीकडून जातो. मोटार-सायकलचा डावा हात क्लचवर असतो; एकदां गिअर पडला कीं तो मोकळा. त्यामुळें तेथें डावा हात खालीं सोडून दोन बोटें दाखविण्याची रीत सहज पडली. इंग्लंडांत व भारतांत वाहनें डाव्या बाजूनें जातात. समोरचा स्वार उजवीकडून येतो, आणि उजव्या हातांत वेग देण्याची मूठ व पुढील चाकाचा ब्रेक असतो. तो हात सोडला तर गाडीचा वेग मोडतो, आणि खड्डा आला तर स्वारही मोडतो. म्हणून इंग्रज स्वार बहुधा नुसती मान हलवितो. फ्रान्समध्यें तर कोणीं वाट दिली असतां उजवा पाय बाहेर काढून आभार मानतात. आपल्याकडे पाय दाखविल्यास त्याचा अर्थ निराळा होईल! भारतीय स्वारानें मान लवविणें व डावा हात डोक्यापर्यंत उंच करणें या दोन्ही रीती उचलल्या आहेत. मान लवविण्याचें शिक्षण त्याला घेण्याची गरज नव्हती. तें घरांतच झालें होतें.

आतां याच वाटांवर मोटारीपूर्वीं काय होतें तें पाहिलें पाहिजे. तापी-पूर्णेच्या खोऱ्यांतील जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यांत तिचा चिखल चाकाच्या आऱ्यांपर्यंत चढतो. भरलेली गाडी एकदां रुतली म्हणजे एका बैलजोडीचें तें काम राहत नाहीं. मागून किंवा समोरून दुसरी गाडी येईल, तिचे बैल सोडून पुढें जुंपतील, चार खांदे लागतील, तेव्हां कोठें चाक हलावयाचें. त्यांत वाट निर्धोकही नव्हती. इंग्रजी अंमल नुकताच बसला होता, सातपुडा व सातमाळा यांच्या रानांत भिल्लांचीं बंडें चालूं होतीं, आणि १८२५ सालीं औट्रमनें धरणगांवास भिल्ल पलटण उभी केली ती या वाटा चालत्या राहाव्यात म्हणूनच. अशा प्रदेशांत समोरून येणाऱ्यानें दुरूनच "रामराम" म्हणणें यांत भक्तीपेक्षां व्यवहार अधिक होता. आवाज ऐकूं आला म्हणजे येणारा लपूं पाहत नाहीं एवढें तरी कळे. उत्तर आलें म्हणजे मध्यें रुतलें तर हांक मारावयास माणूस आहे एवढा धीर येई. गाडीवानाच्या एका हातांत कासरा, दुसऱ्यांत चाबूक. हात जोडावयास मोकळे नसत, म्हणून अभिवादन तोंडानें. इंग्रज स्वाराची मान आणि खानदेशी गाडीवानाचा रामराम हीं दोन्ही एकाच अडचणीचीं अपत्यें आहेत.

१८६७ सालीं आगगाडी भुसावळावरून बोदवड, मलकापूर करीत नागपुरास पोंचली, आणि कापसाच्या गाड्यांच्या रांगा स्टेशनाकडे वळल्या. आगगाडीबरोबर अभिवादनाचा एक नवाच प्रकार या भागांत आला. न थांबणारी गाडी स्टेशनांतून जातांना स्टेशनमास्तर व सांधेवाला हिरवें निशाण धरून उभे राहतात, आणि एंजिनावरून व गार्डाच्या डब्यांतून त्याला उत्तर मिळतें. समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांवरील माणसेंही एकमेकांस अशीच खूण करतात. पाहणाऱ्यास हा शिष्टाचार वाटतो, पण ती तपासणी असते: डब्याचा आंस तापून धूर निघत नाहीं ना, कांहीं लोंबकळत नाहीं ना, दार उघडें नाहीं ना, हें दुसऱ्यानें पाहावयाचें, कारण स्वतःची गाडी स्वतःला सबंध दिसत नाहीं. भुसावळसारख्या रेल्वेच्या गांवांत पिढ्यान् पिढ्या हें काम केलेलीं घराणीं आहेत. त्यांस हें सांगावें लागणार नाहीं.

परंतु रामराम म्हणणाऱ्या त्या वाटेवर सर्वच लोक रामराम म्हणत नव्हते. गांवच्या सीमेपासून पुढच्या गांवापर्यंत वाट दाखविणें, सरकारी माणसाचें ओझें वाहणें, रात्रीं वेशीवर जागणें, हीं कामें महाराच्या वतनांत मोडत. वाटसरूला ज्याची खरी गरज पडे तो हाच मनुष्य. आणि त्याच्या तोंडीं मात्र अभिवादन निराळें होतें. त्यानें बाजूला, अंतरावर उभें राहून "जोहार" म्हणावयाचें. रामरामाला रामराम असें उत्तर येई. जोहाराला जोहार असें उत्तर कधींच येत नसे. तें एकाच दिशेनें जाणारें अभिवादन होतें. वाटेनें दिलेली समता वाटेच्या राखणदारालाच नाकारली गेली, हें या प्रथेच्या इतिहासांतलें पहिलें मोठें वैगुण्य होय. वतनाचें हें जूं उतरण्यास १९५८ चा कायदा यावा लागला.

या नियमाला वाटेवर एक सुंदर अपवाद होता. बोदवडच्या उत्तरेस तापीकांठीं मेहूण येथें १२९७ सालीं मुक्ताबाई अंतर्धान पावल्या अशी परंपरा आहे. पूर्वीं एदलाबाद म्हणून ओळखलें जाणारें गांव आतां त्यांच्याच नांवानें मुक्ताईनगर म्हणविलें जातें. तेथून दरवर्षीं निघणारी पालखी बुलढाणा, जालना, बीड या मार्गानें महिन्याहून अधिक चालून पंढरपुरास पोंचते. या वाटेवर वारकरी वारकऱ्याला भेटला कीं दोघेही एकमेकांच्या पायांशीं वांकतात. वडील कोण, धाकटा कोण, कोणत्या आळीचा, हें विचारावयास वेळच ठेवलेला नाहीं. प्रश्न सुचण्यापूर्वींच मस्तक खालीं गेलेलें असतें. अभिवादनाची याहून पूर्ण रीत महाराष्ट्रांत दुसरी सांपडणें कठीण. तरीही ती रीत वाटेपुरतीच राहिली. दिंड्यांत स्वयंपाक व पंक्ति जातवार वेगळ्या होत असत, आणि हें इरावती कर्वे यांनीं आपल्या वारीवरील निबंधांत व्यथित मनानें नोंदविलेलें आहे. वाट संपून राउळाचें दार आलें कीं चोखोबांच्या वंशजांस तें बंद होतें. अमळनेरच्या शाळेंत सहा वर्षें शिक्षक असलेल्या सानेगुरुजींनीं मे १९४७ मध्यें पंढरपुरांत दहा दिवस उपोषण केलें, तेव्हां तें दार उघडण्याचें ठरलें.

आणि खानदेशांतच, चाळीसगांवास, याच्या आधीं अठरा वर्षें जें घडलें तें या विषयाच्या अगदीं गाभ्याचें आहे. १९२९ सालीं मुंबई सरकारनें अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठीं नेमलेल्या समितीचे एक सभासद म्हणून डॉ. आंबेडकर खानदेशांत फिरत होते. धुळ्याच्या फांट्यावरील एका खेड्यांत अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगांवास परतले. तेथील महार मंडळी त्यांस रात्रीच्या मुक्कामास आपल्या वस्तींत नेण्यासाठीं हार घेऊन स्टेशनांत आली होती. वस्ती दोन मैलांवर, नदीपलीकडे. स्टेशनाबाहेर टांगे पुष्कळ उभे होते. तरीही पाहुण्यांस तासभर तिष्ठत ठेवण्यांत आलें, आणि त्यांस त्याचें कारण उमगेना. शेवटीं एक टांगा आला. दोनशें पावलें गेला नाहीं तोंच तो एका मोटारीवर आदळावयाचा. पोलिसानें आरडाओरडा केला म्हणून निभावलें. नदीवर बिनकठड्याची दगडी मोरी होती. तिच्यावर वळतांना घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटलें, डॉक्टरसाहेब दगडी फरशीवर फेंकले गेले, आणि घोडा टांग्यासकट नदींत कोसळला. पायाचें हाड मोडलें. ते बेशुद्ध पडले.

उलगडा मागाहून झाला. स्टेशनावरील टांगेवाल्यांपैकीं एकही जण अस्पृश्य उतारू घेऊन टांगा हांकावयास तयार नव्हता. पाहुण्यांनीं पायीं चालत यावें हें महार मंडळींस अपमानाचें वाटलें. तेव्हां तडजोड अशी निघाली कीं टांगेवाल्यानें टांगा भाड्यानें द्यावा, पण हांकूं नये; हांकणारा त्यांचा त्यांनीं आणावा. जो हांकावयास बसला त्यानें पूर्वीं टांगा कधीं हांकलेला नव्हता. हा प्रसंग डॉ. आंबेडकरांनीं स्वतः लिहून ठेवला आहे. आपण बॅरिस्टर असूनही टांगा हांकणारा स्वतःला आपल्याहून श्रेष्ठ समजतो, ही त्यांतली बोच त्यांनीं लपविलेली नाहीं. टांगेवाल्यांनीं कोणावर हात उगारला नाहीं, कोणाला शिवी दिली नाहीं. त्यांनीं केवळ वाटेवरच्या माणसाला वाटेवरचा माणूस मानण्याचें नाकारलें, आणि तेवढ्यानें एका माणसाचा जीव जाण्याची वेळ आली. वाटेवरचें अभिवादन ही नुसती सभ्यता आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं चाळीसगांवची ती मोरी विसरूं नये.

जोहार पुढें नाहींसा झाला तो कायद्यानें नव्हे, म्हणणाऱ्यांनींच टाकला म्हणून. त्याच्या जागीं "जयभीम" आलें. त्याचें श्रेय कामठीचे बाबू हरदास यांस दिलें जातें. ते १९३९ सालीं, पस्तिशींतच वारले. जयभीमास जयभीम असेंच उत्तर येतें, आणि नव्या अभिवादनाचा मोठा गुण हाच.

फटफटी या कथेंत फार उशिरां येते. १९५१ सालीं सबंध भारतांत नोंदलेल्या यांत्रिक दुचाकी अवघ्या २७ हजारांच्या घरांत होत्या. १९५५ पासून मद्रासेस एन्फील्ड बुलेट तयार होऊं लागली, १९६० नंतर म्हैसुरास जावा आणि उत्तरेकडे राजदूत. तरीही खेड्यांत फटफटी म्हणजे डॉक्टर, फौजदार किंवा एखादा बागाईतदार यांचेंच वाहन. तिचा आवाज गांवाबाहेरच ओळखूं येई. अशा काळांत एका फटफटीवाल्यानें दुसऱ्यास हात करणें स्वाभाविक होतें. प्लग काळा पडला किंवा साखळी तुटली तर वाटेवर दुसरा जाणता नव्हताच. १९८५ सालीं हिरो होंडाची चार ठोक्यांची गाडी बाजारांत आली. ती थोड्या पेट्रोलवर पुष्कळ जाई, आणि सहसा बंद पडत नसे. आज देशांत वर्षाला दीड कोटींहून अधिक दुचाकी विकल्या जातात. बोदवडच्या बाजाराच्या दिवशीं शंभर पावलांत जितक्या फटफट्या भेटतात तितक्यांना हात करावयाचा म्हटलें तर गाडी हांकावयास हात उरणार नाहीं. म्हणून नित्याचे स्वार हात करीत नाहींत. ओळखीचा दिसला तर हॉर्न वाजवितात, हनुवटी उचलतात, आणि "रामराम, भाऊ" म्हणून पुढें जातात.

हात उरला तो लांब पल्ल्याच्या स्वारांत. लडाखच्या घाटांत, कोंकणच्या वळणांवर, गोव्यांत दरसाल भरणाऱ्या बुलेटस्वारांच्या मेळाव्याकडे जातांना तो वर होतो. हेल्मेटनें तोंड झांकलेलें असल्यामुळें जोहार कीं रामराम हा जुना प्रश्न तेथें उद्भवतच नाहीं, हें त्याचें मोठेंच सुदैव. पण भेद करण्याची संवय मनुष्याला इतकी जडलेली आहे कीं तोंड दिसेना तेव्हां तो यंत्राकडे पाहूं लागला. बुलेटवाला बुलेटला हात करतो, जावावाले जुलैच्या दुसऱ्या रविवारीं आपला दिवस वेगळा पाळतात, आणि दुधाच्या बरण्या लटकावलेल्या जुन्या गाडीवरील गवळ्याला सहसा कोणीच हात करीत नाहीं. वस्तुतः उन्हापावसांत रोज सर्वांत अधिक वाट तुडविणारा तोच.

आणि मदतीची गरज त्यालाच अधिक. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत सुमारें १ लक्ष ६८ हजार माणसें मेलीं. त्यांतलीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. पडलेल्याजवळ थांबलें तर पोलीस-कचेरीचे हेलपाटे मागें लागतात, या भयानें पुष्कळ लोक थांबत नसत. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा मदतनिसांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले, आणि २०१९ सालीं मोटार-वाहन कायद्यांत १३४ अ हें कलम त्यासाठीं घालण्यांत आलें. मदत करणाऱ्यावर खटला होऊं शकत नाहीं, आणि त्यानें आपलें नांव सांगितलेंच पाहिजे असेंही नाहीं. नांव न विचारतां थांबणें ही जी वाटेची जुनी रीत, ती आतां कायद्याच्या भाषेंत लिहिली गेली आहे.

बोदवडच्या वाटांवर तिचें एक अलिखित रूपही पाहावयास मिळतें. एखाद्याचें पेट्रोल संपतें व तो गाडी हातानें ढकलीत निघतो. मागून येणारा अनोळखी स्वार वेग कमी करतो, आपला एक पाय त्या बंद गाडीच्या पाय ठेवण्याच्या दांड्यावर टेंकवितो, आणि आपल्या गाडीच्या जोरावर तिला रेटीत नेतो. वाहतुकीच्या नियमांत ही रीत बसत नाहीं, आणि ती धोक्याचीही आहे. रुतलेल्या गाडीपुढें आपली बैलजोडी जुंपणाऱ्या गाडीवानाचा मात्र तो सरळ वारस होय. मैल-दोन मैल अशा जोडीनें गेल्यावर पेट्रोलचा पंप येतो, पाय निघतो, आणि रेटणारा मागें न पाहतां जामनेरच्या वाटेला लागतो.